घटाचे कारण

आमच्या नैयायिकांना घटाचा फार लळा. दृष्टांत हवा झाला की घट पुढे आलाच म्हणून समजावे. घट कशाचा झाला, कोणी केला, होण्यापूर्वी तो कोठे होता आणि फुटल्यावर कोठे गेला, ह्या प्रश्नांवर त्यांनी इतकी शाई खर्ची घातली आहे की तेवढ्या शाईने एखादा रांजण सहज भरावा. त्यांच्या कारणमीमांसेत कुंभार हा घटाचे निमित्तकारण. त्याचा दंड व चाक ह्यांनाही त्याच पंक्तीत पाट मिळतो. परंतु माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा बाप ह्या दोघांस मात्र शास्त्रकार पंक्तीवरून उठवितात. ते ‘अन्यथासिद्ध’. घटाच्या आधी ते होते हे खरे, पण घटाचे कारण म्हणून त्यांस मोजण्याची गरज नाही. गाढवाच्या वतीने भांडावयास आम्ही बसलेलो नाही. बापाविषयी मात्र आमच्या मनात विद्यार्थिदशेपासून शंका होती, आणि आईविषयी तर अधिकच; कारण तिचे नाव निषेधापुरतेसुद्धा कोणी घेतलेले आमच्या वाचनात नाही.

ही निजलेली शंका जागी केली ती मॅग्डलीन ओडुंडो ह्या बाईंच्या घटांनी. आजच्या मृत्तिकाशिल्पकारांत त्यांचे स्थान फार वरचे मानले जाते. जन्म १९५० सालचा, केनियातील नैरोबीचा, कर्मभूमी इंग्लंड. गेली सुमारे पन्नास वर्षे त्या जवळजवळ एकच वस्तू घडवीत आल्या आहेत, आणि ती वस्तू म्हणजे मडके. ह्या मडक्यांत कोणी पाणी भरीत नाही, धान्य साठवीत नाही. मोठमोठी संग्रहालये ती शिल्पे म्हणून जपतात. तथापि मडक्याचे मडकेपण बाईंनी कधी सोडले नाही. आत पोकळी, वर तोंड, मध्ये मान आणि पोट, एवढ्याच भांडवलावर त्यांचा सारा संसार उभा आहे.

काही वर्षांपूर्वी वाचनाच्या निमित्ताने आमचे लंडनास काही आठवडे राहणे झाले. ग्रंथालयात बसून डोळे शिणले म्हणजे आम्ही ब्रिटिश म्युझियमकडे वळत असू. तेथील आफ्रिकेचे दालन तळघरात आहे. आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतील मडकी तेथे मांडलेली आहेत. कोणी पाण्याची, कोणी धान्याची, कोणी देवकार्याची. त्यांच्याच सोबतीस ओडुंडोबाईंचा एक घट. कित्येक मडक्यांच्या पाटीवर जमातीचे नाव होते, गावाचे होते, घडविणारीचे नव्हते. ह्या एकावर मात्र कर्त्रीचे नाव होते आणि सालही होते. आम्ही जो तेथे थबकलो तो आधी ह्या पाट्यांच्या भेदामुळे. घटाच्या सौंदर्याकडे लक्ष नंतर गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकदा गेले ते परत येईना.

त्यांच्या घटाचे वर्णन करणे कठीण आहे, कारण वर्णनास धरावयास त्यावर काही नसतेच. नक्षी नाही, चित्र नाही, झिलई नाही. कोणी तांबूस नारिंगी, कोणी कोळशासारखे काळे, आणि कोणाच्या अंगावर हे दोन्ही रंग वळिवाच्या आभाळासारखे एकमेकांत मिसळलेले. पोट गोल, पण कंपासाने काढल्यासारखे नव्हे. एका अंगास भार टाकून उभ्या राहिलेल्या बाईसारखे किंचित कललेले. मान कधी लांब, कधी आखूड, आणि तोंड कधी इतके पसरट की डोक्यावर काही विधिपूर्वक बांधले आहे असा भास व्हावा. क्वचित पाठीच्या कण्यासारखी एखादी कड, क्वचित बेंबीएवढी एखादी गाठ. एवढ्यावरच अंगकांती अशी की हात आपोआप पुढे जावा. (पुढे गेला की रखवालदारही पुढे येतो.)

बाईंचा जीवनक्रम थोडक्यात सांगावयाचा तर तो असा. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण काही हिंदुस्थानात व काही केनियात झाले. हा योग वाचून आम्हांस उगाच आनंद झाला. पण बालवयातील त्या वास्तव्यास त्यांच्या कलेचे मूळ ठरविण्याचा मोह आवरलेला बरा. केनियात त्या व्यापारी चित्रकला शिकल्या आणि १९७१ साली त्याच विद्येसाठी केंब्रिजच्या कलाविद्यालयात आल्या. तेथे त्यांचा हात मातीस लागला. पुढे फार्नहॅम येथील विद्यालयातून १९७६ साली पदवी, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९८२ साली उच्च पदवी, आणि त्याच फार्नहॅमच्या संस्थेत २००१ साली प्राध्यापकपद. संस्थेचे पुढे विद्यापीठ झाले. २०१८ साली बाई त्याच्या कुलपती झाल्या. इंग्लंडच्या सरकारने २००८ साली ओ. बी. ई. व २०२० साली ‘डेम’ हा किताब दिला. वसाहतीत जन्मलेल्या एका मुलीने राजधानीत येऊन मानमरातब मिळविले, अशी ही गोष्ट वरून दिसते, आणि आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्या लोकांस ती फार ओळखीचीही वाटते. पण ह्या गोष्टीचा गाभा इंग्लंडात नाही. तो १९७४-७५ सालच्या एका प्रवासात आहे.

त्या प्रवासात ओडुंडोबाई नायजेरियात अबुजा येथील कुंभारकामाच्या शिक्षणकेंद्रात गेल्या. ते अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे; राजधानीने पुढे ते नाव उचलले आणि जुन्या गावास सुलेजा म्हणू लागले. हे केंद्र मायकेल कार्ड्यू ह्या इंग्रज कुंभाराने १९५० नंतर उभारले होते. कार्ड्यू हे बर्नार्ड लीच ह्यांचे शिष्य आणि वसाहत सरकारचे कुंभारकामाचे अधिकारी. चाक, झिलई व उंच भट्टी ही इंग्रजी विद्या आफ्रिकेच्या तरुणांस शिकवावी, हा केंद्राचा हेतू. परंतु १९५४ साली तेथे एक बाई दाखल झाली आणि शिकविणे कोणी व शिकणे कोणी, ह्याचा हिशेब थोडा उलटा झाला. ह्या बाई म्हणजे लाडी क्वाली. क्वाली हे त्यांच्या गावाचे नाव, ग्वारी ही त्यांची जमात. गावच्या रीतीप्रमाणे मडकी घडविण्यात त्या लहानपणापासून तरबेज होत्या. त्यांची मडकी पाहूनच कार्ड्यू थक्क झाले होते.

ग्वारी बायकांची रीत पाहण्यासारखी आहे. चाक मुळी नाहीच. मातीच्या गोळ्यात मूठ घालून पोकळी करावयाची, भिंत वर ओढावयाची, मग मातीच्या वळ्या एकावर एक चढवीत जावयाचे. हे चालले असता मडके जागचे हलत नाही. बाई कमरेत वाकून त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत राहते. चाक म्हणून जे काही आहे ते बाईच आहे. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्यास देव मध्ये आधीच बसलेला सापडतो. येथे प्रदक्षिणा घालता घालता मध्ये काही आकारास येते. ओडुंडोबाई ही रीत ह्या बायकांजवळ शिकल्या, आणि इंग्लंडास परत आल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. चाक शिकण्याची सारी सोय दाराशी असताना त्या हातानेच घडवीत राहिल्या.

आमच्याकडील वाचकास ह्यातले महत्त्व चटकन उमगेल. कुंभारवाड्यात माती चाळणे, लीद कालवणे, चिखल तुडविणे, कावेचा हात देणे, घोटणे, आव्यावर राखणे, बाजारी बसणे, ही सारी कामे बायका करीत आल्या. परंतु बहुतेक ठिकाणी चाकावर बसण्याचा अधिकार मात्र पुरुषाचा. गोरोबाकाकांच्या कथेत पाहा. चिखल तुडविताना मूल पायाखाली गेले, पुढे शपथ मोडल्याच्या पश्चात्तापाने काकांनी हात तोडून घेतले, घरचा धंदा बसला. तेव्हा साक्षात विठ्ठल विठू कुंभार होऊन तेरला आला आणि मडकी घडवू लागला. कथा भक्तीची आहे आणि मोठी आहे. आम्हांस मात्र नेहमी वाटत आले की देवाने पंढरी सोडून चाकावर बसावे, पण घरात धडधाकट हातांच्या दोन बायका असता त्यांपैकी एकीनेही चाकास हात लावल्याचे कथेत येऊ नये, ह्यात समाजाची रीत भक्तीपेक्षाही जुनी दिसते. चाकाशिवाय मडके ही बाईची विद्या. ते थापून, वळून, घोटून करावयाचे. मणिपुरात आंद्रो गावच्या बायका आजही चाकावाचून मडकी घडवितात. ही विद्या जगभर चाकाहून जुनी आहे, आणि जगभर तिचा मान चाकाहून कमी.

पुढे ओडुंडोबाई अमेरिकेत न्यू मेक्सिको प्रांतातील सान इल्देफोन्सो ह्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत गेल्या. मारिया मार्टिनेझ ह्या बाईंनी काळी घोटीव मडकी करण्याची रीत तेथे १९१९ च्या सुमारास नव्या वैभवास आणली होती. मारियाबाई १९८० सालापर्यंत हयात होत्या. त्यांच्या रीतीत भट्टी भर तापली की तिच्यावर शेणाचा बारीक भुगा लोटून तिचा श्वास कोंडावयाचा. मातीतील लोहास प्राणवायू भरपूर मिळाला तर भांडे तांबडे होते; धूर कोंडला तर त्या लोहातलाच प्राणवायू हिरावला जातो, कर्ब अंगात मुरतो आणि भांडे काळे पडते. रंग कुंचल्याने द्यावयाचा नसतो. भांड्याने कोणता वारा घेतला ह्यावर तो ठरतो.

ओडुंडोबाईंची स्वतःची रीत ह्या दोन्ही शाळांतून घडली. मूठ घालून पोकळी, वर वळ्या, मग वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाने भिंत खरवडून पातळ करणे. मग दुधासारख्या पातळ केलेल्या अतिशय बारीक मातीचा लेप. मग गुळगुळीत दगडाने घोटणे, आणि घोटणे, आणि पुन्हा घोटणे. पहिल्या भाजणीत हवा मोकळी, म्हणून घट तांबूस निघतो. काळा हवा असेल तर त्यास लाकडाच्या ढलप्यांसह झाकणाच्या पेटीत कोंडून पुन्हा भट्टीत घालावयाचा. जेथे धूर लागला तेथे काळा, जेथे लागला नाही तेथे तांबडा. ही दुसरी भाजणी म्हणजे केवळ रंगासाठी तयार घट पुन्हा जोखमीत घालणे. एवढा खटाटोप एकेका घटामागे असल्याने बाई थोडेच घट करतात.

एक तांबडे, एक काळे, हे वाचून आमच्या विदर्भातील वाचकांच्या मनात आतापावेतो काही हालचाल झालीच असेल. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथील महापाषाणीय दफनांत जी मडकी निघाली त्यांत काळ्या-तांबड्या भांड्यांचा मोठा भरणा आहे. आत व काठाशी काळे, बाहेर तांबडे. भांडे उपडे घालून भाजल्याने हा रंग येत असावा, असे पुष्कळ संशोधक मानतात. तोंड जमिनीकडे राहिले, आत धूर कोंडला, ते काळे. पाठ मोकळ्या आगीत राहिली, ती तांबडी. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची ही खापरे आम्ही हातात घेऊन पाहिली आहेत. नैरोबीच्या ह्या बाईंनी ती पाहिली होती असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणू लागल्यास त्याचा आम्ही विरोध करू. सारखी माती, सारखी आग व सारखी हुशारी एकत्र आली की वंशावळ न जोडताही भावंडे जन्मतात, एवढेच.

आता मुख्य प्रश्न. हे घट शिल्पे कशी? इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापन करणाऱ्यास ह्याचे उत्तर कीट्सच्या कलशाजवळ शोधावेसे वाटते. गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही ती कविता वर्गात शिकवीत आहो. कोपऱ्यात पाण्याचा माठ असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि फळ्यासमोर आम्ही ग्रीक कलशाचे गुणगान करतो. पण त्या कवितेतील कलश संगमरवरी आहे आणि कवीने पाहिले ते त्याच्या बाहेरील चित्र. आत काय आहे, हा प्रश्न कवी कलशास विचारीत नाही. आमच्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८७० नंतरच्या काळी, मातीच्या भांड्यांचे काम सुरू झाले तेव्हा अजिंठ्याच्या चित्रांतील आकृती मडक्यांवर चढविण्यात आल्या. ती भांडी विलायतेस गेली, नावाजलीही गेली. मडक्यास मोल यावयाचे तर त्यावर काही तरी काढले पाहिजे, ही ती दृष्टी. ओडुंडोबाईंनी मडक्यावरचे सारे पुसून टाकले. मग पाहणाऱ्याच्या नजरेस टेकावयास बाहेर काही उरत नाही आणि ती नाइलाजाने तोंडाशी जाऊन आत डोकावते.

आत काय आहे? वेदान्त्यांचे घटाकाश. दगडाच्या मूर्तीस पृष्ठ असते, पोट नसते. घटास पोट असते, आणि म्हणून त्याचे शरीराशी नाते मूर्तीहून जवळचे. हे आम्हांस कलेच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. नवरात्रात आपण मातीत बी पेरून घट बसवितो. स्मशानात खांद्यावर मडके घेऊन चितेभोवती फिरणाऱ्याच्या मागून कोणी तरी दगडाने त्यास भोक पाडतो आणि पाण्याची धार लागते. ते मडके कोण आहे हे कोणी कोणास सांगत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथे तान्ह्या मुलांना दोन घट तोंडास तोंड लावून त्यांत ठेवलेले आणि घरातल्याच भुईखाली पुरलेले आढळले. आणि एक मोठा पुरुष चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या कुंभात बसविलेला आढळला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईने मूल कोठे परत ठेवले, हे समजावयास भाष्याची गरज नाही. ओडुंडोबाईंच्या घटासमोर उभे राहिले असता आम्हांस कीट्स आठवला नाही, इनामगाव आठवले. हेच त्यांच्या शिल्पाचे शिल्पपण. बाईचे अवयव घडवून त्यांनी बाई दाखविली नाही. पोट, मान आणि कलणे एवढेच ठेवून त्यांनी शरीराचा आतला भाग दाखविला, जो कोणत्याही संगमरवरी अप्सरेस नाही.

हे विचार मनात असताना एकदा आम्ही त्यांच्या घटांच्या चित्रांचे पुस्तक महाविद्यालयात नेले होते. तास संपल्यावर बी. ए. च्या वर्गातील एक मुलगी ते चाळीत राहिली. तिचे घर कुंभारवाड्यात आहे हे आम्हांस ठाऊक होते. एका काळ्या-तांबड्या घटावर बोट ठेवून ती म्हणाली, “सर, हा रंग लावलेला नाही. आव्यात धूर कोंडलाय. माझी आजी भुसा टाकून वरून ओली राख लिंपायची, तेव्हा असं व्हायचं.” आम्ही ज्या गोष्टीसाठी तीन पुस्तके चाळली होती ती तिने एका दृष्टिक्षेपात सांगितली. मग तिने ह्या घटांच्या किमती विचारल्या. लिलावात मोठमोठ्या रकमा येतात, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “संक्रांतीला पाच सुगडं घ्यायची तरी बायका आजीशी घासाघीस करतात. ह्या बाईंशी कोणी करतं का?”

ह्या प्रश्नास सोपी उत्तरे दोन आहेत आणि आम्हांस दोन्ही मान्य नाहीत. पहिले असे की ती कला, ही कारागिरी, विषय संपला. दुसरे आजकाल फार ऐकू येते, की आजीचे सुगड आणि ओडुंडोबाईंचा घट ह्यांत काडीचाही फरक नाही, फरक आहे तो केवळ बाजाराचा. हे ऐकावयास गोड आहे, पण त्यात दोघींचाही अपमान आहे. आजीची करामत अशी की तिची शंभर सुगडे एकाच मापाची उतरतात, आणि घाईत, आणि पाठ दुखत असता. ओडुंडोबाईंची करामत अशी की एक घट दुसऱ्यासारखा होऊ द्यावयाचा नाही. प्रत्येक वेळी मान कोठे वळेल हा प्रश्न नव्याने सोडवावयाचा, आणि तो सोडविण्यासाठी लागणारा अवकाश आयुष्यभर राखावयाचा. आजीस तो अवकाश कोणी देऊ केला नाही. दिला असता तर तिने काय केले असते, हे आम्हांस सांगता येणार नाही, आणि त्या मुलीस आम्ही तेवढेच सांगितले. तिचे समाधान झाले असे दिसले नाही. ते होऊही नये.

परंतु ओडुंडोबाईंच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे, आणि आमच्या मते त्यांच्या कारकीर्दीतील ती फार मोठी गोष्ट आहे. कलावंत प्रसिद्धीस आला की आपली माहेरची वाट झाकून टाकण्याकडे त्याचा कल असतो. आपण आकाशातून पडलो असे त्यास दाखवावयाचे असते. २०१९ साली वेकफील्ड येथील हेपवर्थ संग्रहालयात व नंतर नॉर्विचच्या सेन्सबरी केंद्रात बाईंच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. स्वतःच्या पन्नासाहून अधिक कृती मांडताना त्यांनी ज्या ज्या वस्तूंपासून आपण शिकलो त्या वस्तू शेजारी आणून ठेवल्या. प्राचीन ग्रीस व मिसर देशांतील पात्रे, आफ्रिकेची मडकी, रोदँ, देगा व हेपवर्थ ह्यांची शिल्पे अशी ती मंडळी एका पंक्तीस बसली. कोण थोर, कोण अनामिक, हा भेद पानावर वाढताना पाळला गेला नाही. नैयायिकांनी ज्यास अन्यथासिद्ध म्हणून उठविले, त्यास बाईंनी हात धरून परत पाटावर आणून बसविले. त्या प्रदर्शनातील काचेच्या हजार आणि एक तुकड्यांची टांगलेली रचना मात्र, चित्रांवरून पाहता, आम्हांस तितकीशी रुचली नाही. काच पारदर्शक असते; जिच्या आतले सारे दिसते तिच्यात डोकावण्याची ओढ कोठून असणार?

२०२२ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे घट होते. २०२४ साली नॉरफोकमधील हाउटन हॉल ह्या जुन्या उमरावी वाड्यात त्यांचे काम मांडले गेले, त्यात वेजवुड ह्या प्रसिद्ध कारखान्याच्या मातीत केलेली एक मोठी रचना होती. येथे एक गंमत आहे. आयुष्यभर मडक्यावरचे चित्र पुसणाऱ्या बाईंनी ह्या एका कामात चित्रे आणली, आणि ती गुलामांच्या व्यापाराची. कारखान्याच्या मूळ पुरुषाने, जोसाया वेजवुडने, १७८७ साली त्या व्यापाराच्या निषेधार्थ साखळदंडांत गुडघे टेकलेल्या एका माणसाचे पदक काढले होते, आणि ते त्या काळी घरोघर पोचले होते. त्याच कारखान्याच्या मातीत आफ्रिकेच्या लेकीने तोच इतिहास पुन्हा कोरावा, ह्यास योगायोग म्हणणे कठीण.

लाडी क्वाली ह्यांस १९६२ साली इंग्लंडच्या राणीकडून एम. बी. ई. हा किताब मिळाला होता आणि १९७७ साली अहमदू बेलो विद्यापीठाने त्यांस सन्मानाने डॉक्टर केले. त्या १९८४ साली वारल्या. ज्या केंद्रात त्या शिकावयास म्हणून गेल्या होत्या, त्यास पुढे त्यांचेच नाव मिळाले. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवरही त्या आहेत. आमच्या एका स्नेह्याने ती नोट आम्हांस आणून दिली. तिच्यात तेथे आता फारसे काही येत नाही, असे तो म्हणाला. नोटेच्या पुढल्या बाजूस सेनापती मुर्तला मुहम्मद आहेत. मागल्या बाजूस लाडी क्वाली आहेत, मडके घडवीत असलेल्या.